नारिता विमानतळावर उतरल्यावर फोन कुणी उचलायचा? जपानला विद्यार्थी पाठवणाऱ्या संस्थांना खुलं पत्र

प्रति,
जपानला विद्यार्थी पाठवणाऱ्या पुण्यातल्या, आणि आता नाशिक-कोल्हापूरपर्यंत शाखा काढलेल्या सल्लागार संस्थांचे चालक,

स. न. वि. वि.

माझ्या मावसभावाचा येत्या एप्रिलच्या बॅचसाठी टोकियोच्या एका भाषाशाळेत प्रवेश झाला आहे. तुमच्यापैकी एका संस्थेने त्याच्यापुढे सहीला ठेवलेल्या करारनाम्याचे फोटो त्याने मला पाठवले. त्यात एक नवं कलम आहे: विद्यार्थी जपानमध्ये दाखल झाल्यानंतर उद्भवणाऱ्या कोणत्याही बाबीस संस्था जबाबदार राहणार नाही. मी आले तेव्हा सही केलेल्या कागदात हे कलम नव्हतं. त्याऐवजी 'आगमनानंतर साहाय्य' अशी ओळ होती. साहाय्य मिळालं नव्हतं, पण निदान ओळ तरी होती. ओळखीच्या मुलांकडून आणखी दोन संस्थांचे कागद मागवून पाहिले, तर तेच कलम आणि शब्दही तेच. म्हणजे हे एका ऑफिसातल्या टायपिस्टचं काम नाही, तुम्ही ठरवून केलं आहे. म्हणून पत्र एकाला न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे, आणि पालकांनाही वाचता यावं म्हणून जाहीर लिहिते आहे.

मी सांगलीची. तुमच्यातल्याच एका संस्थेमार्फत आले, भाषाशाळेच्या शेवटच्या सत्रात आहे आणि एप्रिलपासून सेनमोन गाक्को, म्हणजे इथल्या व्यावसायिक महाविद्यालयात जाणार आहे. दर एप्रिलला आणि ऑक्टोबरला नव्याने आलेली मराठी मुलं कुणाकडून तरी माझा नंबर मिळवतात आणि रात्री-अपरात्री फोन करतात. त्यांना मी नाही म्हणत नाही. पण त्यांनी फी तुम्हाला दिलेली असते, मला नाही.

धंदा तुमचा वाढणार हे दिसतंच आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी पाच वर्षांत 5 लाख माणसांच्या देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर केला, त्यात भारतातून जपानला जाणारे 50 हजार कुशल लोक धरले आहेत. जपानला 2033 पर्यंत 4 लाख परदेशी विद्यार्थी हवे आहेत. 2024 च्या मे महिन्यातच ते 3 लाख 36 हजारांवर गेले होते. त्यात चीन, नेपाळ आणि व्हिएतनामची मुलं सर्वाधिक, आपण अजून खूप मागे. तेव्हा तुमच्या सेमिनारांना हॉल पुरणार नाहीत. 2019 साली टोकियोच्या एदोगावा वॉर्डाच्या सभागृहावर भारतात जन्मलेले योगेंद्र पुराणिक निवडून आले, हे उदाहरण तिथे सांगितलं जातं. अभिमानाचंच आहे ते. पण पहिल्या पंधरवड्यात मुलाने कुठल्या खिडकीवर कुठला कागद द्यायचा, हे त्याच सेमिनारात का सांगत नाही?

सुरुवात विमानतळापासून करते. नारिता, हानेदा, कान्साईसारख्या मोठ्या विमानतळांवर पासपोर्ट तपासतानाच झाइर्यू कार्ड, म्हणजे इथल्या वास्तव्याचं कार्ड, हातात मिळतं. त्याच वेळी शिक्षणाबरोबर काम करण्याच्या परवानगीचा एकपानी अर्ज दिला, तर तो शिक्काही तिथल्या तिथे बसतो. एक पैसा लागत नाही. तिथे दिला नाही, तर मग इमिग्रेशनच्या कार्यालयात खेटे घालायचे, उत्तराची आठवडेच्या आठवडे वाट बघायची, आणि तोवर एक तासही काम करायचं नाही. ऑक्टोबरला आलेल्या मुलांतल्या काहींना असा अर्ज असतो हेच माहीत नव्हतं. 'काम करून फी भागते' हे मात्र सगळ्यांना पाठ होतं.

त्यानंतर वॉर्ड ऑफिस. राहण्याची जागा ठरल्यापासून 14 दिवसांत तिथे जाऊन पत्ता नोंदवावा लागतो, तो कार्डाच्या मागे छापून मिळतो. चुकलं तर 2 लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. 90 दिवस उलटले तर व्हिसाच रद्द होऊ शकतो. त्याच दिवशी, त्याच इमारतीत आरोग्य विम्यात नाव घालायचं असतं. तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्याला तो सक्तीचा आहे, आणि तो असला की दवाखान्याच्या बिलातले 30 टक्केच आपल्या खिशातून जातात. आदल्या वर्षी जपानमध्ये उत्पन्न नसल्यामुळे हप्ता कमीच बसतो. तरी 'मी धडधाकट आहे, मला नको' म्हणून परत आलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की ही पॉलिसी विकणाऱ्याची खिडकी नाही.

आणि पेन्शन! वीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला इथल्या राष्ट्रीय पेन्शनमध्ये यावं लागतं, विद्यार्थी असला तरी. 2025-26 साठी हप्ता दरमहा 17,510 येन आहे. काही आठवड्यांनी घरी जपानी अक्षरांनी भरलेलं पाकीट येतं आणि त्यात वर्षभराचे हप्ते भरायची चलनं असतात. साताऱ्याच्या एका मुलीने ते पाकीट उघडून मला व्हिडिओ कॉल केला, तेव्हा ती रडतच होती. तिला वाटलं, शाळेने दुसऱ्यांदा फी लावली. वास्तविक उत्पन्न नसलेल्यांना सूट मिळते. महाविद्यालयांतल्या मुलांसाठी हप्ते पुढे ढकलण्याची वेगळी सोय आहे, आणि ज्या भाषाशाळा त्यात बसत नाहीत तिथल्या मुलांना कमी उत्पन्नाच्या आधारावर माफी मागता येते. अर्ज त्याच वॉर्ड ऑफिसात, पत्ता नोंदवायला गेल्याच दिवशी देता येतो. हे एवढंच वाक्य तिला पुण्यात कुणी सांगितलं असतं तर तिच्या आईवडिलांची ती रात्र वाचली असती.

बँकेचं आणि फोनचं प्रकरण तर तुम्हाला नक्की माहीत आहे, कारण सगळ्यात जास्त फोन त्यासाठीच येतात. फोनचं कनेक्शन घ्यायला बँकखातं किंवा क्रेडिट कार्ड मागतात. बँक खातं उघडायला फोन नंबर मागते. त्यात जपानमध्ये येऊन सहा महिने झाले नाहीत तोवर परकीय चलन कायद्याखाली माणूस 'अनिवासी' धरला जातो आणि बऱ्याच बँका दारातूनच परत पाठवतात. वाट आहे: युचो, म्हणजे पोस्टाची बँक, विद्यार्थ्यांची खाती उघडते. पण तिथे आपल्या लोकांची एक खास अडचण होते, आणि ती ठाऊक असायला मराठीच माणूस लागतो. आपल्या पासपोर्टात स्वतःच्या नावाच्या रकान्यात वडिलांचंही नाव असतं. कार्डावर ते सगळं जसंच्या तसं उतरतं. मग कुणी बँकेत पूर्ण नाव काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत, लिहितं, फोनच्या दुकानात वडिलांचं नाव गाळतं, शाळेच्या यादीत आडनावाचे उच्चार तिसऱ्याच तऱ्हेने पडतात. संगणकाला ही तीन वेगळी माणसं वाटतात आणि अर्ज परत येतो. निघण्यापूर्वी अर्धा तास बसवून प्रत्येकाचं नाव काताकानात एकदाच ठरवून द्या, 'सगळीकडे हेच लिही, एक अक्षर बदलू नकोस' म्हणून सांगा. हे करायला इमिग्रेशनचा वकील लागत नाही.

राहण्याबद्दल थोडक्यात. वसतिगृह तुम्ही ठरवून देता, पैसे तीन किंवा सहा महिन्यांचे आगाऊ घेता. फोटोत दिसलेल्या खोलीत किती जण झोपणार, गादीचे पैसे वेगळे आहेत का, शाळा किती लांब आहे, हे आधी लिहून द्यायला काय हरकत आहे? बहुतेक भाषाशाळांच्या मुलांना रेल्वेचा विद्यार्थी-सवलतीचा पास मिळत नाही, त्यामुळे 'स्वस्त पण लांब' ही खोली प्रत्यक्षात स्वस्त नसते. वसतिगृह सोडून स्वतःची खोली घ्यायची म्हटलं, तर अनामत, घरमालकाला द्यायचे आणि परत न मिळणारे 'रेइकिन', दलाली, हमी देणाऱ्या कंपनीचे पैसे, आगीचा विमा आणि आगाऊ भाडं मिळून चार-पाच महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम पहिल्याच दिवशी मोजावी लागते. एवढं मोजून आत गेलं तर छताला दिवा नसतो, कारण तो आधीचा भाडेकरू काढून नेतो. गॅस सुरू करायला कंपनीचा माणूस येतो तेव्हा आपण हजर असावं लागतं. तोवर गार पाण्याने आंघोळ. आणि मुळात खोली मिळाली तर. जपानच्या न्याय मंत्रालयाने 2017 साली जाहीर केलेल्या पाहणीत, मागच्या पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे 40 टक्क्यांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं होतं. तुमच्या माहितीपत्रकातल्या 'अतिथीशील जपान'च्या पानावर हेही छापा.

आता पैशांचं. माझी खरी तक्रार ही आहे.

'शिकता शिकता कमवा, घरून एक रुपया मागवावा लागणार नाही' ही तुमची जाहिरात मी बसच्या मागे वाचली आहे. गणित मांडते, चुकलं तर जाहीरपणे दुरुस्त करा. विद्यार्थ्याला आठवड्याला 28 तास काम करता येतं, तेही सगळ्या नोकऱ्या मिळून. शाळेच्या लांब सुट्टीतच दिवसाला आठ तास चालतं. टोकियोचं किमान वेतन ऑक्टोबर 2025 पासून तासाला 1,226 येन आहे. चार आठवडे पूर्ण 28 तास भरले तर 1 लाख 37 हजार येन होतात. भाषाशाळेची फी वर्षाला साधारण 7 ते 9 लाख येन, म्हणजे महिन्याला 60 ते 75 हजार. वाटून घेतलेल्या खोलीचं भाडं 40-45 हजार धरा, स्वतः रांधून खाल्लं तरी 30 हजार जेवणाचे. मग प्रवास, फोन, विमा. एकही दिवस आजारी न पडता, एकही शिफ्ट न हुकता तोंडमिळवणी होते न होते. आणि हे पहिल्या दिवसापासून नोकरी असलेल्याचं गणित झालं. एन-फाइव्ह, म्हणजे जपानीच्या परीक्षेतल्या सगळ्यात खालच्या पातळीच्या जपानीवर दुकानाच्या गल्ल्यावर कुणी उभं करत नाही. मिळतात ती रात्रपाळीची कामं: डबे भरण्याचे कारखाने, पार्सलची गोदामं, हॉटेलच्या खोल्यांची सफाई. तीही महिना-दोन महिने शोधल्यावर. तोपर्यंतचे पैसे कुठून आणायचे?

ते पैसे गावाकडून येतात. शैक्षणिक कर्ज बऱ्याचदा भाषाशाळेला मिळत नाही, म्हणून सोनं गहाण पडतं, सोसायटीचं कर्ज निघतं. 'दाखवण्यापुरती' बँकेत रक्कम ठेवून देण्याची सोय तुमच्यातलेच काही जण व्याज लावून करतात. मग त्या मुलाला दुसऱ्या महिन्यात कुणी तरी सांगतं की अमुक ठिकाणी रोखीने देतात, तास कुणी मोजत नाही. हे सांगणारा कधी कधी तुमच्याच संस्थेचा 'टोकियोतला माणूस' असतो. तास मोजले जातात. कराच्या नोंदीतून, बँकेच्या पासबुकातून ते व्हिसाच्या नूतनीकरणाच्या वेळी बाहेर येतात, नूतनीकरण नाकारलं जातं, आणि मुलगा डोक्यावर कर्ज घेऊन परत येतो. रात्रपाळी करून सकाळच्या वर्गात डुलक्या घेतल्या, हजेरी घसरली, की तेही इमिग्रेशनला कळतं. अशा दोन मुलांना मी विमानतळावर सोडून आले आहे. त्यांची नावं लिहिणार नाही, त्यांच्या घरी अजून 'कोर्स संपला' असंच सांगितलेलं आहे. तुमच्या संकेतस्थळावर एकाचा हसरा फोटो परवापर्यंत होता.

वर्गाबद्दलही बोलायला हवं. भाषाशाळेच्या व्हिसासाठी एन-फाइव्ह किंवा 150 तास जपानी शिकल्याचा दाखला लागतो. पुण्यात जपानी जीव ओतून शिकवणारी माणसं आहेत, इथे माझं जे काही निभावलं ते अशाच एका बाईंमुळे. पण तुमच्यातले काही जण हिरागाना-काताकाना, म्हणजे नुसती जपानी मुळाक्षरं, गिरवून घेतात आणि 150 तासांचा दाखला हातात देतात. इथे पहिल्याच दिवशी चाचणी होते आणि दुसऱ्या दिवसापासून जपानी जपानीतूनच शिकवतात. शेजारचा चिनी विद्यार्थी कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी चिन्हं, लहानपणापासून लिहीत आलेला असतो, वर्ग त्याच्या वेगाने पळतो. तुमच्या दाखल्यावर आलेला मुलगा पहिल्या आठवड्यातच गप्प होतो.

शिवाय प्रवेश कधीचा घ्यावा हेही कुणी समजावत नाही. भाषाशाळेत जास्तीत जास्त दोन वर्षं राहता येतं, तीही एप्रिलला आलं तर. जुलैला आलेल्याला एक वर्ष नऊ महिने, ऑक्टोबरला आलेल्याला दीड वर्ष, जानेवारीला आलेल्याला सव्वा वर्ष मिळतं, कारण पुढच्या सगळ्या संस्था एप्रिललाच सुरू होतात. 'एप्रिलच्या जागा संपल्या, ऑक्टोबरला काय फरक पडतो' असं सांगून पाठवलेल्या मुलाचे सहा महिने तुम्ही कापलेले असतात. भाषाशाळा म्हणजे पदवी नव्हे, हे तर काही पालकांना अजूनही माहीत नाही. 2024 च्या एप्रिलपासून भाषाशाळांना जपानच्या शिक्षण मंत्रालयाची नवी मान्यता घ्यावी लागते, जुन्या शाळांना त्यासाठी मार्च 2029 पर्यंत मुदत आहे. तुम्ही ज्या शाळेत पाठवता तिला ती मिळाली का, हे मावसभावाने विचारलं. उत्तर आलं, 'काळजी करू नका, नावाजलेली शाळा आहे.'

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी किरकोळ नसतात, तरी घाईने सांगते. डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं महिन्याभरापेक्षा जास्त आणायची तर आधी परवानगी काढावी लागते. 10 टक्क्यांहून अधिक स्युडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधं अजिबात चालत नाहीत. ताजा कढीपत्ता विमानतळावर काढून घेतात. शाकाहारी मुलांना सांगा की भाजीच्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो. आणि भूकंप. भारतातून आणलेल्या फोनवर इशारा वाजेलच असं नाही; 'सेफ्टी टिप्स' नावाचं ॲप जपानच्या पर्यटन खात्याच्या देखरेखीखालीच परदेशी लोकांसाठी केलेलं आहे, ते निघण्याआधी घालून घ्यायला दोन मिनिटं लागतात. पहिला धक्का बसल्यावर जिन्याने खाली पळत सुटलेली मुलं वसतिगृहात आम्ही दर वर्षी पाहतो. इथल्या शाळकरी पोरांना टेबलाखाली जायचं माहीत असतं.

तुम्ही म्हणाल, ही सगळी माहिती इंटरनेटवर आहे. आहेच. मग तुमची फी कशाची? तुम्ही असंही म्हणाल की शाळा उतरवून घ्यायला येते, वॉर्ड ऑफिसात मदत मिळते. काही शाळा खरंच येतात, आणि वॉर्ड ऑफिसातली माणसं सोप्या जपानीत, खाणाखुणा करत, टॅबलेटवरच्या दुभाष्याला बोलावून ज्या धीराने समजावतात ते मी आपल्याकडच्या एकाही सरकारी कचेरीत पाहिलेलं नाही. पण कुठल्या खिडकीवर काय मागायचं हे आपल्याला ठाऊक असावं लागतं. आणि अडलं की मूल फोन तुम्हाला करतं. इथे वॉर्ड ऑफिस साडेआठला उघडतं तेव्हा पुण्यात पहाटेचे पाच वाजलेले असतात. तुमचं ऑफिस अकराला उघडतं तेव्हा इथे अडीच झालेले असतात आणि त्याचा निम्मा दिवस संपलेला असतो.

कायदा तुम्हाला विचारत नाही, हेही खरं. 1983 चा उत्प्रवास कायदा नोकरीसाठी माणसं परदेशी पाठवणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची करतो, शिक्षणासाठी पाठवणारे त्यात येत नाहीत. राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने यात लक्ष घालावं, अशा संस्थांची नोंदणी आणि तक्रारीची खिडकी सुरू करावी, असं निवेदन आम्ही काही विद्यार्थी वेगळं पाठवत आहोत. पण कायदा येईपर्यंत एप्रिलची बॅच थांबणार नाही, म्हणून तुमच्याकडे मागण्या या:

जबाबदारी झटकणारं कलम काढा. त्याऐवजी, आगमनानंतरचे पहिले 30 दिवस जपानच्या वेळेनुसार उचलला जाईल असा एक फोन आणि तो उचलणारं मराठी किंवा हिंदी बोलणारं माणूस करारात लिहा.

एक रुपयाही घेण्याआधी पहिल्या सहा महिन्यांचा खर्च येनमध्ये आणि रुपयांत लेखी द्या. शाळेकडून तुम्हाला किती कमिशन मिळतं तेही त्याच कागदावर असू द्या.

28 तासांचा नियम आणि तो मोडल्याचे परिणाम मराठीत छापून पालकांसमोर वाचून दाखवा आणि त्यांची सही घ्या. 'घरून एक रुपया लागणार नाही' ही जाहिरात बंद करा.

न शिकवलेल्या तासांचे दाखले देऊ नका. दाखवण्यापुरत्या पैशांचा व्यवहार करू नका.

शाळेला नवी मान्यता आहे की नाही, आणि कुठल्या महिन्याच्या प्रवेशाला किती काळ राहता येईल, हे प्रवेशपत्रावरच लिहा.

विमानतळावरचा अर्ज, वॉर्ड ऑफिसातली तिन्ही कामं, पोस्टाचं बँकखातं आणि काताकानातलं नाव एवढ्यासाठी निघण्याआधी एक दिवस वर्ग घ्या. वर्ग घ्यायला कुणी नसेल तर मी आणि इथले आणखी काही जण ऑनलाइन घ्यायला तयार आहोत, फुकट. मात्र तुमच्या जाहिरातीत आमचे फोटो लावायचे नाहीत.

उत्तर खाजगीत फोन करून देऊ नये, जाहीर द्यावं. मुलं मार्चच्या अखेरीस निघतील, त्याआधी आलं तर उपयोगाचं. मावसभावाने अजून त्या करारनाम्यावर सही केलेली नाही.

आपली,
तुमच्याच एका संस्थेची माजी विद्यार्थिनी
इताबाशी, टोकियो